ऐकलेली आई आणि पाहिलेली आई



आपल्या आवडीची एखादी कादंबरी पडद्यावर येणार असे कानी आले, की वाचकाच्या मनात आनंदाबरोबर थोडी धास्तीही उत्पन्न होते. चित्रपट पाहून तो घरी परततो आणि बहुधा एकच निकाल देतो : ‘पुस्तकाची सर नाही!’ हा निकाल पुष्कळदा खरा असतो. पण त्याने आपल्या ज्ञानात भर अशी काहीच पडत नाही. कादंबरी शब्दांची आणि चित्रपट दृश्यांचा. एकाने दुसऱ्यासारखे व्हावे ही अपेक्षाच मुळी अयोग्य. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. पुस्तकापाशी असे काय होते, जे पडद्याला घेता आले नाही? आणि पडद्यापाशी असे काय होते, जे पुस्तकाला देता आले नव्हते? हा जमाखर्च नीट मांडला तर मूळ पुस्तकही आपणांस नव्याने कळू लागते.

कादंबऱ्यांचा एक प्रकार या दृष्टीने फार अवघड आहे. प्रौढ झालेला माणूस आपले बालपण आठवतो आणि आठवता आठवता आपल्या आईबापांना नव्याने ओळखतो, अशा त्या कादंबऱ्या. तेथे घटना थोड्या असतात. सांगणाऱ्याचा स्वर हेच सर्वस्व असते. हा स्वर पडद्यावर कसा उतरावयाचा?

दूरच्या नॉर्वे देशातील एक उदाहरण घेऊ. पेर पेटरसन या लेखकाची एक कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. ‘घोडे चोरावयास जाऊ या’ असा तिच्या नावाचा भावार्थ. त्रोंद नावाचा सदुसष्ट वर्षांचा एक विधुर १९९९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी रानातल्या एकाकी घरात राहावयास येतो. शेजारी भेटलेला माणूस ओळखीचा निघतो आणि त्या ओळखीबरोबर १९४८ सालचा एक उन्हाळा वर येतो. त्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांचा त्रोंद वडिलांबरोबर नदीकाठच्या रानात राहिला होता. दोघांनी मिळून झाडे तोडली, ओंडके नदीत लोटून दिले. जर्मनांनी नॉर्वे व्यापला होता त्या काळात आपले वडील गुप्तपणे लोकांना सीमेपलीकडे स्वीडनमध्ये पोहोचवीत होते, हे त्याला तेव्हाच उमगले. आणि त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस वडील त्याच्या आयुष्यातून निघून गेले, ते कायमचे.

या कादंबरीवरून हान्स पेटर मोलंड या दिग्दर्शकाने २०१९ साली चित्रपट काढला. म्हाताऱ्या त्रोंदची भूमिका स्टेलान स्कार्सगार्ड या विख्यात नटाने केली. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वलाचा पुरस्कार मिळाला. तो मिळाला छायाचित्रकार रास्मुस विडेबेक यांना. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. कादंबरीत जे मनात घडत होते, ते चित्रपटाने रानात, नदीत, पावसात आणि बर्फात शोधले. बापलेकांमधील मुके प्रेम शब्दांत न सांगता एकाच ओंडक्याला लागलेल्या दोघांच्या हातांतून दाखविले. परंतु एक अडचण उरतेच. पुस्तकात म्हातारा त्रोंद आणि मुलगा त्रोंद यांचा ‘मी’ एकच आहे. एकाच वाक्यात तो पंधरा वर्षांचाही असतो आणि सदुसष्ट वर्षांचाही. पडद्यावर मात्र त्या एका ‘मी’चे दोन देह होतात, दोन नट होतात. आठवणारा आणि आठवणीतला यांच्यामधली नाळ तुटते, आणि ती पुन्हा जोडण्यासाठी दिग्दर्शकाला निराळी खटपट करावी लागते.

नॉर्वेचे नाव घेतले म्हणजे मराठी रसिकाला परके वाटू नये. इब्सेनच्या ‘डॉल्स हाऊस’चे ‘घरकुल’ अनंत काणेकरांनी मराठीत उभे केले. त्याच्याही आधी, १ जुलै १९३३ रोजी, ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक मुंबईत रंगमंचावर आणले आणि मराठी रंगभूमीला नवे वळण दिले. ते नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून घेतलेले होते. म्हणजे १९३३ साली आपल्या रंगभूमीने जे नवे वारे अंगावर घेतले, ते उत्तर ध्रुवाकडून आले होते! आणि योगायोग असा, की त्याच १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, नाशिकच्या तुरुंगाच्या भिंतीआड, एक सत्याग्रही कैदी आपल्या आईच्या आठवणी कागदावर उतरवीत होता. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपले साने गुरुजी. अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून पुरी केली. १९३५ साली ती छापली गेली आणि पुढे अठरा वर्षांनी तिचा चित्रपट झाला. आज मला बोलावयाचे आहे ते या पुस्तकाविषयी आणि या चित्रपटाविषयी.

‘श्यामची आई’ हे पुस्तक आपण सर्वांनी वाचलेले आहे असे आपण गृहीत धरतो, आणि म्हणूनच त्याची रचना कधी नीट पाहत नाही. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. दिवसाची कामे आटोपल्यावर आश्रमातले मित्र गोळा होतात आणि श्याम त्यांना रोज आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक लिहिले गेले असले तरी ते मुळात बोललेले आहे. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. मुलांपुढे गोष्ट सांगण्याची त्यांची रीत या पुस्तकाच्या पानापानांतून ऐकू येते. सांगता सांगता श्यामचा कंठ दाटतो, ऐकणारे स्तब्ध होतात, कोणी दिवा सारखा करतो आणि ती रात्र संपते. तेव्हा हे पुस्तक वाचणारा प्रत्येक जण खरे पाहता एक श्रोताच असतो. आपण आकाशवाणीपुढे बसता तसाच तोही बसलेला असतो. त्याला आई दिसत नाही, ऐकू येते.

आणि ती कोणाच्या तोंडून ऐकू येते? मुलाच्या. तोही साधासुधा मुलगा नव्हे. ज्याला आईचे अखेरचे दर्शन झाले नाही असा मुलगा. शिक्षणासाठी घरापासून दूर असलेला श्याम पालगडला परत येतो तेव्हा आई निघून गेलेली असते. ‘भस्ममय मूर्ती’ हे त्या रात्रीचे नावच सारे सांगून जाते. ही रुखरुख पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सांगणाऱ्याच्या स्वरात भिनलेली आहे. लहान श्यामचा हट्ट, त्याची भीती, त्याचा एखादा उद्धटपणा, हे सारे सांगताना प्रौढ श्याम जणू प्रत्येक वेळी आईची क्षमा मागत असतो. म्हणून पुस्तकातली आई आपणांस जशी दिसते ती मुलाच्या अश्रूंतून दिसते. अश्रूंतून पाहिलेली वस्तू मोठी दिसते, तेजस्वी दिसते. मात्र तिच्या कडा पुसट होतात.

आचार्य प्र. के. अत्रे यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली तेव्हा गुरुजी या जगात नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली होती. लेखकाच्या पश्चात त्याच्या अत्यंत हळव्या पुस्तकाला हात घालणारे अत्रे म्हणजे वरकरणी अगदी विरुद्ध प्रकृतीचा माणूस. विनोदाचे सम्राट, विडंबनाचे धनी, वादाच्या मैदानात आडदांड. परंतु या दोघांत एक धागा समान होता. अत्रेही मूळचे शिक्षक. पुण्यात त्यांनी शाळा चालविली होती आणि मुलांसाठी वाचनमाला सिद्ध केल्या होत्या. मुलाच्या मनाला काय भिडते याची खूणगाठ दोघांपाशी होती. चित्रपटाची निर्मिती, दिग्दर्शन आणि पटकथा हा सारा भार अत्र्यांनी स्वतःच उचलला. संगीत वसंत देसाई यांचे होते. द्रौपदी आणि श्रीकृष्ण यांच्या स्नेहाची कथा सांगणारे आशा भोसले यांनी गायिलेले त्यातील गीत आजही घरोघर गुणगुणले जाते.

आईच्या भूमिकेसाठी अत्र्यांनी वनमाला यांची निवड केली, आणि ही निवड विचार करण्याजोगी आहे. वनमाला ग्वाल्हेरच्या एका प्रतिष्ठित मराठी घराण्यातल्या. सोहराब मोदींच्या १९४१ सालच्या ‘सिकंदर’मध्ये ज्यांचे राजस रूप साऱ्या हिंदुस्थानाने पाहिले, त्याच ह्या. त्यांना कोकणातल्या दरिद्री घरात, जुनेऱ्यात, चुलीपुढे बसविणे हे धाडसच होते. पण त्या चेहऱ्यात एक स्वाभिमान होता, आणि श्यामच्या आईला नेमका तोच हवा होता. ती गरीब आहे, लाचार नाही. श्यामचे काम माधव वझे या मुलाने केले. मोठे टपोरे डोळे, आणि त्यांत हट्ट व भाबडेपणा एकाच वेळी.

आता पडद्याने काय दिले ते पाहू. पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग आंघोळीनंतरचा. अंग धुऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून लहानगा श्याम आईला पदर धोंडीवर पसरावयास सांगतो. ती पसरते, त्यावर पाय टिपून तो घरात जातो. मग आई म्हणते ते तात्पर्य आपणा सर्वांस पाठ आहे : पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसेच मनालाही जप. पुस्तकात या प्रसंगाचे सारे वजन त्या तात्पर्यावर पडते. पडद्यावर मात्र तात्पर्य ऐकण्याच्या आधी आपण काही तरी पाहिलेले असते. वाकलेली आई पाहिलेली असते. अंगावरच्या लुगड्याचा पदर दगडावर पसरणारे तिचे हात पाहिलेले असतात. आणि तो पदर आता ओला, मळका होऊन तिच्याच अंगावर राहणार आहे हेही डोळ्यांना कळलेले असते. मुलाच्या मनाची स्वच्छता कशाच्या मोबदल्यात येते, हे पुस्तकाने सांगितले नव्हते असे नाही; पण आपण ते ऐकले नव्हते. चित्राने ते आपणांस पाहावयास लावले.

दुसरा प्रसंग पोहण्याचा. श्याम पाण्याला भितो, पोहावयास जाण्याचे टाळून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि चांगला मार देऊन विहिरीवर धाडते. तो पोहून परत येतो तेव्हा त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचे डोळे भरून येतात. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये यासाठी तो मार होता. पुस्तकात आधी मार येतो, मग माया येते; शब्दांना एकामागून एक यावे लागते. चेहऱ्याला मात्र ही अडचण नाही. मारण्यासाठी उगारलेला हात आणि त्याच क्षणी डोळ्यांत उभे राहिलेले पाणी, ही दोन्ही एकाच चौकटीत राहू शकतात. चांगल्या नटीच्या मुद्रेवर एकाच निमिषात जे मावते, ते लिहावयास लेखकाला एक परिच्छेद लागतो. चित्रपटाची खरी मिळकत ही.

आणि तिसरी गोष्ट ‘अळणी भाजी’ची. एके दिवशी भाजीत मीठ घालावयाचे राहून जाते. वडील ती भाजी चांगली झाली म्हणून निमूटपणे खातात, मुलेही खातात. सर्वांच्या मागून आई पानावर बसते तेव्हा तिला पहिल्याच घासाला कळते. किती साधी गोष्ट! पण ती डोळ्यांपुढे आणून पाहा. सर्वांची पाने उचलली गेली आहेत आणि एक स्त्री एकटीच जेवावयास बसली आहे. गोष्ट सांगणाऱ्या श्यामचे लक्ष वडिलांच्या थोर मनाकडे आहे, आणि ते योग्यच आहे. पण डोळ्यांना आणखी एक गोष्ट दिसते : या घरात स्वयंपाक करणारी सर्वांत शेवटी जेवते, आणि त्यात कोणालाच काही नवल वाटत नाही.

‘श्यामची आई’ या पुस्तकाला ‘स्तोत्र’ हा शब्द आपण वारंवार लावतो. शब्द सुंदर आहे, सार्थही आहे. परंतु स्तोत्र आपण डोळे मिटून म्हणतो. डोळे मिटले की देवाची मूर्ती मनात उभी राहते. तिचे हात दुखत नाहीत, तिला ताप येत नाही, तिच्यावर कोणाचे कर्ज नसते. चित्रपट डोळे मिटून पाहता येत नाही. तेथे डोळे उघडे ठेवावेच लागतात. आणि उघड्या डोळ्यांना या कथेत काय दिसते? एका खोताच्या घरी आलेली सून. हळूहळू उतरत गेलेली त्या घराची कळा. डोईवर साचलेले कर्ज. गावात दवंडी पिटून जाहीर झालेली घराची अब्रू. यशवंतासारख्या लाडक्या मुलाचा मृत्यू. आणि तापाने झिजत चाललेली काया. गुरुजींनी या रात्रींना दिलेली नावे तरी पाहा : ‘आईचे चिंतामय जीवन’, ‘तेल आहे, तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’. गुरुजींनी काहीही झाकलेले नाही. झाकले असेल तर ते आपण. आईच्या त्यागापुढे हात जोडले, की तो त्याग तिला का करावा लागला असे विचारण्याची गरज उरत नाही. पूजा हा पुष्कळदा न पाहण्याचा सोयीस्कर मार्ग असतो.

हा मार्ग गुरुजींनी स्वतः कधी पत्करला नाही. लाकडाची मोळी डोईवर घेता येत नसलेल्या एका अस्पृश्य म्हातारीला हात देण्यासाठी आई श्यामला पाठविते, ही गोष्ट ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीची. शिवाशिवीच्या नियमांनी जखडलेल्या गावात त्या माउलीने तेवढी फट पाडली. ज्या मुलाने ती मोळी उचलली, त्याने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. आईची नुसती आरती करून तो थांबला नाही; तिने अर्ध्यावर सोडलेले काम त्याने पुढे नेले. मातृभक्तीचा अर्थ त्याने असा लावला होता.

जमेची बाजू झाली, आता खर्चाची. पडद्याने आई दिली, पण सांगणारा श्याम बराचसा हरवला. पुस्तकात प्रत्येक आठवणीच्या कडेला उभा असलेला तो प्रौढ, पोरका, पश्चात्तापदग्ध माणूस पडद्यावर मागे सरतो. कारण समोर प्रत्यक्ष मूल खेळत असते आणि प्रत्यक्ष आई बोलत असते. ‘ती आता नाही’ हे पुस्तक प्रत्येक ओळीतून सांगते. चित्र मात्र ‘ती ही पाहा येथे आहे’ असे म्हणते. चित्रपटाला केवळ वर्तमानकाळ ठाऊक असतो. त्यामुळे पुस्तक मिटल्यावर मनात जी हुरहुर राहते, ‘आपण वेळेवर पोहोचलो नाही’ ही जी बोच राहते, ती चित्रपटगृहाबाहेर पडताना अश्रू पुसण्याबरोबर काहीशी पुसली जाते. नॉर्वेच्या त्या चित्रपटापुढे जी अडचण होती, तीच ही. फरक इतकाच, की त्रोंदचे वडील मुलापासून आपले मन लपवीत होते आणि श्यामची आई आपले मन मुलापुढे मोकळे करीत होती. एकाला मौन आठवते, दुसऱ्याला बोल आठवतात. पण आठवण म्हणजे गेलेल्याशी चाललेले बोलणे, हे दोघांचेही खरे आहे. आणि हे बोलणे कॅमेऱ्याला सहसा ऐकू येत नाही.

ज्या दिल्लीतून मी आपणांशी बोलत आहे, त्या दिल्लीचा या चित्रपटाशी जिव्हाळ्याचा संबंध आहे. उत्कृष्ट चित्रपटांना सरकारी पारितोषिके देण्याची प्रथा आपल्या देशात १९५४ साली सुरू झाली, आणि उत्कृष्ट कथाचित्राचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले ते १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. त्या वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’सारखा श्रेष्ठ हिंदी चित्रपट स्पर्धेत होता, त्याला प्रशस्तिपत्र मिळाले. अनुबोधपटाचे सुवर्णपदक ‘महाबलीपुरम्’ नावाच्या चित्राला लाभले. ज्या काळी भाषावार प्रांतरचनेच्या प्रश्नाने वातावरण तापू लागले होते, त्या काळी राजधानीने पहिला मान दिला तो कोकणातल्या एका खेड्यातल्या मराठी आईला. मराठीचा अभिमान म्हणून मी हे सांगत नाही. पदर दगडावर पसरणाऱ्या हातांना दुभाषा लागत नाही, हे त्या पदकाने सिद्ध केले म्हणून सांगतो. शब्दांची आई मराठीत होती. चित्राची आई साऱ्या देशाची झाली.

पुढे सत्तर वर्षांनी ही कथा पुन्हा पडद्यावर आली. सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेली ‘श्यामची आई’ नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाली. पटकथा सुनील सुकथनकर यांची. रंगांचा सुकाळ असलेल्या या दिवसांत डहाके यांनी चित्र कृष्णधवल ठेवले. आईच्या भूमिकेत गौरी देशपांडे होत्या; आणि विशेष म्हणजे प्रौढ साने गुरुजींची भूमिका ओम भुतकर यांनी केली. म्हणजे १९५३ साली जो आठवणारा मागे सरला होता, त्याला या वेळी पुन्हा पुढे बोलाविण्यात आले. एका ‘मी’चे दोन देह होतात ही अडचण अर्थातच सुटली नाही, पण ती चुकविण्याऐवजी तिला सामोरे जाण्याचा हा प्रयत्न होता. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्या वर्षीचे पुरस्कार प्रदान झाले. एकाच पुस्तकाने राजधानीत दोनदा मान मिळवावा, आणि तोही सात दशकांच्या अंतराने, असे भाग्य फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला येते.

मानसन्मानांची गोष्ट येथे संपते. घरातली गोष्ट उरते. दिल्लीत, नोएडात, गुरुग्राममध्ये मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पहाडगंजात मराठी शाळा आहे, मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत. तरीही तिसऱ्या पिढीच्या मुलाच्या हाती ‘श्यामची आई’ दिली, तर लिपी हिंदीमुळे ओळखीची असते, पण धोंड, पत्रावळ, कांडण, खोत या शब्दांशी तो अडखळतो. अशा घरात चित्रपट हे एक मोठेच दार आहे. ज्या मुलाला ‘पत्रावळ’ हा शब्द कळत नाही, त्याला पत्रावळ दिसते. ज्याने कोकण पाहिले नाही, त्याला तेथले अंगण दिसते. आणि ज्या मुलाने आपल्या आईला पहाटे उठून डबे भरताना, मेट्रो गाठताना, रात्री परत येऊन पुन्हा ओट्याशी उभी राहिलेली पाहिले आहे आणि पाहूनही पाहिलेले नाही, त्याला कदाचित या जुन्या चित्रातून आपली आई दिसू लागेल. हे झाले तर अत्र्यांचे श्रम आजही कारणी लागले असे म्हणता येईल.

परंतु दारातून आत गेल्यावर तेथेच थांबू नये. चित्र पाहून झाले, की घरातल्या कोणी तरी वडील माणसाने पुस्तक हाती घ्यावे आणि एकेक रात्र मोठ्याने वाचून दाखवावी. ते लिहिलेच आहे मुळी ऐकण्यासाठी. एका रात्रीला फार वेळ लागत नाही. बेचाळीस रात्री म्हणजे दीड महिना. वाचणाऱ्याचा कंठ कोठे तरी दाटेल, तो क्षणभर थांबेल. आणि त्या थांबण्यात मुलाला ती गोष्ट मिळेल जी कोणत्याही पडद्यावर मिळत नाही. आपले वडील, आपली आजी यांनाही कोणी तरी आठवत आहे, त्यांचेही काही राहून गेले आहे, हे त्याला कळेल. चित्राने आई दाखविली. आवाज तिचे नसणे ऐकवील. दोन्ही मिळाल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही.

कादंबरी आणि चित्रपट यांत श्रेष्ठ कोण, या वादाला माझ्या मते येथे जागाच नाही. श्यामची आई गुरुजींनी आपणांस ऐकविली आणि अत्र्यांनी दाखविली. ऐकून जो गहिवरला त्याने पाहावे, आणि पाहून ज्याचे डोळे उघडले त्याने पुन्हा ऐकावे. गुरुजींनी तुरुंगातल्या पाच दिवसांत एक हिशेब मांडला : आई असताना आपण काय पाहिले नाही त्याचा हिशेब. तो त्यांनी फार उशिरा मांडला, कारण त्यांच्या हातून वेळ निघून गेलेली होती. आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून ती अजून गेलेली नाही.